दोन सप्तमांश म्हणणारी मुलगी

शिक्षक-प्रशिक्षणाच्या शेवटच्या सत्रात असलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. 'माझं शिकण्या-शिकवण्याचं तत्त्वज्ञान' या विषयावर तिला दोन पानं लिहून द्यायची आहेत. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही त्यावर प्रश्न येणार. सोबतच्या बहुतेकांनी 'बालकेंद्री', 'ज्ञानरचनावादी' (म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं मानणारी), 'शिक्षक हा सुलभक' (म्हणजे शिकणं सोपं करून देणारा) असं लिहून काम उरकलं. हिचं पेन मात्र अडलंय. ज्या बाईंमुळे तिला गणित आवडायला लागलं त्या कडक होत्या. रोज तासाच्या सुरुवातीला पाढे आणि सूत्रं तोंडी विचारायच्या, चुकलं की उभं करायच्या. "त्यांच्यामुळेच मी इथवर आले. मग पाठांतर वाईट आणि शिस्त जुनाट, असं कोणत्या तोंडानं लिहू?" असं ती विचारते. दुसरीकडे, सराव पाठात तिनं अपूर्णांकांची बेरीज गटकृतीतून शिकवायला घेतली. दहा मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. ती ओरडली, कागदाच्या पट्ट्या गोळा केल्या, नियम फळ्यावर लिहून दिला. एका मुलीनं 1/3 + 1/4 = 2/7 असं सांगितलं, तिला 'चूक, बस खाली' म्हणाली. निरीक्षकांनी शेरा दिला : 'वर्गनियंत्रण चांगले.' तिचे प्रश्न दोन. ज्याला अजून शिकवताच येत नाही, त्याचं तत्त्वज्ञान ते कसलं? आणि मनात एक, कागदावर एक असं लिहून द्यायचं का?

*

पत्राच्या शेवटी 'मला अहो-जाहो करू नका' असं बजावलंयस, म्हणून तू म्हणते.

आधी माझं एक पाप सांगून टाकते. प्रशिक्षणात असताना मीही असा निबंध लिहिला होता. बऱ्याच वर्षांनी कपाट आवरताना तो हाती लागला. दीड पानात 'सर्वांगीण विकास' हा शब्द सात वेळा. एकाही मुलाचा उल्लेख नाही, एकाही चुकीचा नाही, मी गणित शिकवणार आहे हेही त्यातून कळत नव्हतं. तोच निबंध नाव बदलून कुठल्याही शिक्षकाच्या, किंबहुना कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणाला जोडता आला असता. गुण मात्र चांगले मिळाले होते. तेव्हा तुझं पेन अडलंय ही मला अजिबात वाईट बातमी वाटत नाही.

तुझ्या पत्रात तीन गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस. तत्त्वज्ञान म्हणजे दुकानात मांडलेल्या 'वादां'पैकी (ज्ञानरचनावाद वगैरे) एक उचलणं, ही पहिली. तुझ्या बाई आणि तुझा अभ्यासक्रम यांच्यात एकच जण बरोबर असू शकतो, ही दुसरी. आणि तू ओरडलीस त्या क्षणी तुझं खरं तत्त्वज्ञान उघडं पडलं, ही तिसरी. मला तिन्ही पटत नाहीत.

तुझ्या बाईंपासून सुरुवात करू, कारण तुझी खरी गाठ तिथेच आहे.

डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1975 साली एक साधी गोष्ट मांडली. शिक्षकी पेशात येणारा माणूस कोरा येत नाही. शाळा संपेपर्यंत त्यानं सुमारे 13,000 तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेलं असतं. दुसऱ्या कुठल्या पेशात असं होत नाही, डॉक्टर होण्याआधी कुणी इतके तास शस्त्रक्रिया बघत बसत नाही. पण यात एक गोम आहे. आपण हे सगळं बाकावरून पाहिलेलं असतं. बाईंनी काय केलं ते दिसलं, का केलं ते दिसलं नाही. घरी बसून त्यांनी काय ठरवलं, काय सोडून दिलं, कोणत्या मुलाबद्दल त्यांना रात्री रुखरुख लागली, यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही. आणि आपण पाहिलं ते आपल्याच बाकावरून. तुला गणित आलं. त्याच तासाला उभं राहून राहून ज्यांनी गणिताचं नाव टाकलं, ते आज शिक्षक-प्रशिक्षणाला आलेले नाहीत आणि मला पत्रही लिहीत नाहीत. बाईंचा निकाल फक्त तुझ्याकडे बघून लावू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून बाईंना सोडून द्यायचं का? मुळीच नाही. मी म्हणते, त्यांचे तुकडे कर. (शब्दशः घेऊ नकोस.) त्या तासात नेमकं काय काय चालायचं ते वेगळं काढ. रोज विचारायच्या. कालचंच नाही, मागच्या महिन्यातलंही विचारायच्या, असं तूच लिहिलंयस. पुस्तक मिटून विचारायच्या. आणि चुकलं की उभं करायच्या. हे चार वेगवेगळे पदार्थ आहेत, एका ताटात आले एवढंच.

यातल्या पहिल्या तिघांच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं किती झपाट्यानं विसरतं आणि थोड्या थोड्या अंतरानं केलेली उजळणी एकाच बैठकीतल्या रट्ट्यापेक्षा किती कामाची असते. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग तर मला फार आवडतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे तुझ्या बाई रोज तोंडी विचारून तुम्हाला तपासत नव्हत्या, तेव्हाच शिकवत होत्या. त्यांना हे संशोधन ठाऊक असायचं कारण नाही, पण हात बरोबर जागी पडला होता.

चौथा पदार्थ, म्हणजे उभं करणं. त्याच्याशिवाय पहिले तीन चालले नसते का? हा प्रश्न तू स्वतःला विचार. भीतीनं मूल गप्प बसतं हे खरं. पण आपल्याच डोक्यात काय चाललंय हे ते सांगेनासं होतं, आणि शिक्षकाला नेमकं तेच हवं असतं. तुला भीती पचली, कदाचित उत्तर बहुतेक वेळा येत असल्यामुळे पचली.

आता पाठांतराचं. पाठांतर विरुद्ध समज हे भांडण मला कायम खोटं वाटत आलंय. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. बारा हा तीन आणि चार दोघांचाही पट आहे, हे ज्याला शोधत बसावं लागतं, त्याच्या मनात समच्छेद म्हणजे काय या विचाराला जागाच उरत नाही. पाढे येणाऱ्याला ती जागा मोकळी मिळते. तेव्हा पाढे पाठ हवेत, आणि हे तुझ्या दोन पानांत बिनधास्त लिही. फक्त 'कशासाठी' हेही लिही. नियम पाठ आणि अर्थाचा पत्ता नाही, अशी वेळ आली की मात्र तेच पाठांतर अंगाशी येतं. ते कसं येतं, ते तुझ्याच वर्गात तुझ्यासमोर उभं होतं. त्या मुलीकडे मी येणारच आहे.

त्याआधी वादांचं दुकान. 'बालकेंद्री' शब्दाबद्दल तुझ्या मनात जी अढी आहे ती खरं तर त्याच्या सैल अर्थाबद्दल आहे : मुलांना मोकळं सोडा, शिक्षकानं बाजूला उभं राहावं. ज्यांच्या नावानं हा शब्द फिरतो त्यांनी असं म्हटलेलंच नाही. जॉन ड्युई हा नव्या शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता. पण 1938 साली त्यानंच आपल्या बाजूच्या लोकांना फटकारलं, की जुन्याच्या उलट टोकाला जाऊन बसणं म्हणजे विचार करणं नव्हे. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथलं मुलांचं स्वातंत्र्य सगळ्यांना आठवतं, त्या स्वातंत्र्यामागची काटेकोर मांडणी कुणाला आठवत नाही. प्रत्येक साधन ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमानं, आणि बऱ्याच साधनांत चूक मुलाला स्वतःलाच दिसेल अशी सोय. एका साधनात लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत मापाचे दट्टे बसवायचे असतात. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच, बाईंनी सांगावं लागत नाही. याला मोकळं सोडणं म्हणत नाहीत. यामागे ढीगभर पूर्वतयारी असते.

एक छोटी सूचना, इथेच उरकते. 'काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवावं' हे वाक्य तुझ्या मसुद्यात असलं (असेलच, सगळ्यांच्या असतं) तर काढून टाक. मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं 2008 साली या कल्पनेमागचा पुरावा तपासला आणि तो पुरेसा नाही असा निर्वाळा दिला. चित्र, शब्द आणि हाताची कृती सगळ्यांनाच लागते. कशाला काय लागतं, हे धड्यावरून ठरतं.

आता तुझा सराव पाठ. तू ओरडलीस. ठीक आहे, आपण सगळेच कधी ना कधी ओरडलोय. पण त्यावरून 'माझं बालकेंद्रीपण नुसतं तोंडदेखलं' असा निष्कर्ष काढू नकोस. तुझा पाठ विस्कटला तो मला तरी अगदी साध्या कारणानं विस्कटलेला दिसतो. मुलांच्या हातात पट्ट्या आल्या, पण पट्टीचं काय करायचं याचं एकही पूर्ण सोडवलेलं उदाहरण त्यांनी पाहिलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून हे वारंवार दाखवलंय, की विषय नवा असताना आधी सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला मिळाली तर शिकणं सोपं जातं. थेट प्रश्न सोडवायला लावलं तर मुलं चाचपडत राहतात. पुढे हात बसला की मदत काढून घ्यायची. तू सगळ्यात नाजूक विषय घेतलास, गट केलेस, कुणी काय करायचं ते सांगितलं नाहीस, आणि दहा मिनिटांत शोध लागावा अशी अपेक्षा ठेवलीस. गोंधळ होणारच होता. पाठाच्या टाचणात 'मुले स्वतः नियम शोधतील' हे वाक्य असणार, मी पैजेवर सांगते.

याचा अर्थ गटकृती वाईट असाही नाही. एक पट्टी तू फळ्यासमोर धरून करून दाखवली असतीस, दुसरी सगळ्यांनी मिळून केली असती, तिसरी गटाला दिली असतीस, तर तुझे तेच गट, त्याच पट्ट्या, तीच मुलं वेगळी वागली असती.

आणि आता ती मुलगी. तुझ्या पत्रात ती एका ओळीत येते आणि जाते. माझ्या मते तुझी दोन पानं तिच्यापाशीच सुरू व्हायला हवीत.

तिनं 1/3 आणि 1/4 घेतले, अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, 2/7 सांगितलं. हे उत्तर निष्काळजीपणातून आलेलं नाही. जगभर मुलं हीच चूक करतात, याच पद्धतीनं करतात. का करतात? कारण दुसऱ्या एका जागी ही रीत अगदी बरोबर आहे. समज, तिनं काल 3 वेळा चेंडू टाकला, 1 नेम लागला. आज 4 वेळा टाकला, 1 लागला. एकूण किती? 7 पैकी 2. बरोबर! अंशात अंश, छेदात छेद. गुणांची बेरीज आपण अशीच करतो, 20 पैकी 15 आणि 30 पैकी 21 मिळून 50 पैकी 36. मूल रोज हे बघतं. तिथे दोन वेगवेगळे 'पूर्ण' एकत्र येऊन नवं, मोठं 'पूर्ण' तयार होतं. अपूर्णांकांच्या बेरजेत तसं होत नाही, तिथे 'पूर्ण' तेच राहतं, पट्टी एकच असते. त्या मुलीला बेरीज येत नव्हती असं मला वाटत नाही. कोणती बेरीज कुठे लागू होते, हा फरक तिला अजून कुणी दाखवलेला नव्हता.

'चूक, बस खाली' म्हटल्यावर हे सगळं तिच्या डोक्यात तसंच राहिलं. वर फळ्यावरचा नियम येऊन बसला, समच्छेद करा, मग अंश मिळवा. परीक्षेपर्यंत नियम टिकेल. सुट्टीनंतर पुन्हा 2/7 येईल, कारण तो तिचा स्वतःचा विचार आहे आणि नियम तुझा आहे.

'बस खाली'च्या जागी एक प्रश्न विचारता आला असता : "1/3 मोठा की 2/7?" 2/7 हा 1/3 पेक्षा लहान आहे. म्हणजे एका तुकड्यात आणखी तुकडा घातला आणि उत्तर मूळ तुकड्याहून लहान आलं! हे तिच्या लक्षात आलं की तुला फारसं बोलावंच लागत नाही. मग 12 घरांची पट्टी. तिचा तिसरा भाग म्हणजे 4 घरं, चौथा भाग म्हणजे 3 घरं, मिळून 7 घरं, 12 पैकी. आणि शेवटी, हे विसरू नकोस, तिला सांगायचं की तुझी रीत चेंडूच्या नेमाला बरोबर आहे. त्या एका वाक्यानं चूक सांगायची भीती जाते.

हे तुला त्या क्षणी सुचायला हवं होतं असं मी म्हणत नाही. मलाही दोन सप्तमांशाचं गूढ उकलायला शिकवायला लागल्यावर काही वर्षं गेली. तोवर मी तास संपताना "समजलं का?" विचारायची आणि "होऽऽ" ऐकून खूश व्हायची. एकदा त्याच 'होऽऽ'च्या पाठोपाठ सगळ्यांना चिठ्ठीवर एक गणित सोडवायला दिलं. चिठ्ठ्या वाचून रात्री जेवण गोड लागलं नाही. त्या दिवसापासून 'समजलं का' हा प्रश्न मी टाकला, त्याजागी चिठ्ठी आली. माझ्या तत्त्वज्ञानात जर कधी काही बदल झाला असेल तर तो त्या चिठ्ठ्यांनी झाला, व्याख्यानांनी नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : अनुभव नाही म्हणून तत्त्वज्ञान नाही, हे अर्धंच खरं. पक्कं तत्त्वज्ञान नसेल, पण अंदाज तर आहेत. मूल का चुकतं, शिकलेलं कशानं टिकतं, मी कधी सांगावं आणि कधी थांबावं, याबद्दल तुझे काही अंदाज आहेत, नाहीतर तू टाचणच काढू शकली नसतीस. ते अंदाज म्हणूनच लिही. 'माझा ठाम विश्वास आहे' या सुरात लिहिलंस की ते खोटं वाटायला लागतं. तुलाही, वाचणाऱ्यालाही.

मी लिहिताना असं करेन. प्रत्येक अंदाजाला एक कृती जोडेन आणि तो चुकीचा ठरला तर मला कशावरून कळेल तेही लिहेन. उदाहरणार्थ : मला वाटतं, शिकलेलं आठवायला लावलं तर ते टिकतं. म्हणून मी रोज तासाची पहिली पाच मिनिटं मागचे तीन प्रश्न विचारेन, वहीत लिहायला सांगेन, कुणाला उभं करणार नाही, गुण देणार नाही. महिन्याभरानं तीच मुलं तेच प्रश्न अडखळत सोडवत असतील तर माझं काहीतरी चुकतंय. बघ, यात तुझ्या बाई आल्या, त्यांचं उभं करणं गळालं, आणि एकही 'वाद' लागला नाही. असे तीन-चार अंदाज लिहिलेस की दोन पानं भरतात. एखादा 'थांबण्या'बद्दल लिही. मेरी बड रो या संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघ, वर्गापुढे उभं असताना ते किती लांबलचक वाटतात!

दुसरा प्रश्न, मनात एक कागदावर एक. तसं करू नकोस. त्यामागे नीतीपेक्षा सोयीचं कारण जास्त आहे. मुलाखतीत एखादी अनुभवी बाई 'म्हणजे तुम्ही वर्गात नेमकं काय करता?' असं विचारते आणि सुलभक वगैरे शब्द तिथेच मान टाकतात. विस्कटलेल्या पाठाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगणारा उमेदवार मात्र लक्षात राहतो, पुढच्या वेळी काय बदलणार हे त्याला सांगता आलं तर. अभ्यासक्रमाला अपेक्षित शब्द टाळायचा हट्टही नको. 'ज्ञानरचनावाद' लिहायचाच असेल तर त्याच्याखाली दोन सप्तमांशाची गोष्ट लिही. मूल आधीच्या ज्ञानावर नवं बांधतं याचं याहून चांगलं उदाहरण तुझ्या प्राध्यापकांकडेही नसेल. निरीक्षकांच्या त्या शेऱ्याचं काय करायचं हे मात्र मला कळत नाही. वर्ग शांत झाला हे खरं, म्हणून शेरा खोटा नाही. फाईलला लावून टाक आणि पुढे जा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांमध्ये घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईबाबा असतील, शिकवणी घेणारे असतील, वीस वर्षं शिकवून कंटाळलेलेही असतील. तुमच्यासाठीही तेच : आठवडाभर रोज एक चुकीचं उत्तर वहीत उतरवून ठेवा आणि शेजारी लिहा, हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. दशांशात 0.45 हा 0.6 पेक्षा मोठा म्हणणारं मूल 45 आणि 6 यांची तुलना बरोबर करतंय. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणणारं मूल शेकोटीजवळ जास्त ऊब लागते हे बरोबर ओळखतंय. (पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. हे ऐकल्यावर मोठ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) काही उत्तरांच्या शेजारची जागा रिकामी राहील. राहू दे, मूल खरंच कधी कधी नुसतं घाईत असतं.

तुझ्याकडे अजून काही सराव पाठ उरलेत, असं तू लिहिलंयस, आणि वर्ग तोच आहे. मग पुढच्या वेळी तास सुरू होण्याआधी त्या मुलीकडे जा. फळ्यासमोर बोलावू नकोस, तिच्या बाकाशी जाऊन बस. म्हण, "त्या दिवशी तू 2/7 सांगितलंस, ते कसं काढलंस ते मला ऐकायचंच राहिलं." आणि तीन सेकंद थांब. ती काय म्हणाली ते मला कळव. तोवर ती दोन पानं लिहू नकोस.